१८३९ की १८९९? साठ वर्षांचा घोळ निस्तरणारं एक तैवानी पंचांग

माझ्याकडे चांदीचं एक चिनी नाणं आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका नाणेमेळ्यात घेतलेलं. विकणाऱ्याने ते खाकी पाकिटात घालून दिलं आणि पाकिटावर निळ्या बॉलपेनने लिहिलं, ‘चीन, १ डॉलर, १८३९’. वर तोंडी पुरवणी जोडली, ‘अफूच्या युद्धाच्या वेळचं आहे, साहेब.’ मी पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. समोर आलेली प्रत्येक नोट उजेडात धरून बघायची सवय. ते पाकीट मात्र मी कधी उजेडात धरलं नाही.

नाण्याच्या एका बाजूला ड्रॅगन, भोवती इंग्रजीत ज्यांगनान प्रांताचं नाव आणि वजन, ७ मेस २ कँडरीन, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम. आमच्या सोनाराच्या काट्यावर २६.७ भरलं, बरीच वर्षं लोकांच्या बोटांतून फिरलेल्या नाण्याला ते शोभून दिसतं. दुसऱ्या बाजूला मध्ये ग्वांगश्यू या बादशहाच्या राजवटीचं नाव आणि वरच्या कडेला दोन अक्षरं : जी आणि हाय. सालाचा आकडा कुठेच नाही. ती दोन अक्षरं हेच साल.

जी-हाय हे वर्ष दर साठ वर्षांनी येतं. १८३९, १८९९, १९५९, २०१९. विकणाऱ्याचं गणित बरोबर होतं, फेरी चुकली होती. ग्वांगश्यूची राजवट १८७५ ते १९०८, आणि चीनच्या प्रांतांनी यंत्रावर चांदीचे डॉलर पाडायला सुरुवात केली तीच मुळी १८९० च्या आसपास. म्हणजे नाणं १८९९ चं. एका फेरीत साठ वर्षांचं म्हातारपण फुकट मिळालं होतं त्याला, आणि त्याचे पैसे मी मोजले होते.

हे सगळं मला २०२५ मध्ये कळलं, आणि ज्या पुस्तकामुळे कळलं त्याचं हे परीक्षण. सोबत एका मोबाइल ॲपचंही, कारण आधी मी तेच घेतलं होतं. ॲपचं नाव घेत नाही. त्याच्यासारखी दहा आहेत आणि दहाही एकाच साच्यातून काढलेली वाटतात.

मुलगी तैवानमध्ये शिन्चूला चिपच्या कारखान्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये मी आणि सौ. तिच्याकडे सहा आठवडे राहिलो. तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक पातळ पुस्तिका लटकत होती, कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवलेली. अगदी आपल्याकडे किराणा दुकानात कॅलेंडर मिळतं तशी देवळात फुकट मिळालेली. मागच्या पानावर रंगीत चित्रं होती, कोणत्या पदार्थाबरोबर काय खाल्लं तर विषबाधा होते त्यांची. खेकडा आणि जपानी फळ, म्हणजे पर्सिमन, एकत्र खायचं नाही. सौ.ने ते पान पाहिलं आणि म्हणाली, ‘बघा, दूध-मासे इथेही आहेत.’ त्या पुस्तिकेत एकाच वर्षाचं पंचांग होतं. मला सगळ्या वर्षांचं हवं होतं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मग तुम्हाला वान-न्येन-ली लागेल.’ शब्दशः अर्थ दहा हजार वर्षांचं कॅलेंडर. प्रत्यक्षात दोनशे एक वर्षांचं निघालं, पण नावाच्या बाबतीत पंचांगवाले सगळीकडे उदारच.

तैपेईत छोंगछिंग साउथ रोड हा जुन्या पुस्तकवाल्यांचा रस्ता. आपल्या अप्पा बळवंत चौकासारखा, आणि तसाच हळूहळू ओसरत चाललेला. तिथल्या एका दुकानात हे पुस्तक मिळालं. लाल रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं, तळहाताहून थोडं मोठं, चारशे तीसेक पानं. किंमत २८० तैवानी डॉलर, आपले सव्वासातशे रुपये. दुकानाच्या मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी मुलीला विचारलं, ‘वडिलांचं जन्मसाल?’ मी सांगितलं, ९ फेब्रुवारी १९६४. बाईंनी पुस्तक उघडलं, १९६४ चं पान काढलं आणि एक पान मागे गेल्या. १९६३ च्या शेवटच्या रकान्यात बोट टेकवलं. बाराव्या महिन्याचा सव्विसावा दिवस. ‘ससा,’ त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या चिनी वर्षाचं जनावर. आणि वय बासष्ट.

मी माझं वय साठ समजत होतो. त्यांच्या जुन्या हिशेबाने मूल जन्मतं तेच एक वर्षाचं, आणि पुढे वाढदिवसाला नाही, नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. मी चिनी वर्ष संपायला चार दिवस असताना जन्मलो, म्हणजे पाचव्या दिवशी दोन वर्षांचा झालो. निवृत्तीचं वय या पद्धतीने धरलं असतं तर बँकेने मला आधीच घरी पाठवलं असतं.

आता ॲपकडे येतो. तेच जन्मसाल ॲपमध्ये घातलं तर ॲप म्हणतं : ड्रॅगन. ज्या-छन वर्ष, लाकडाचा ड्रॅगन. ना कारण, ना टीप. एक हिरवा ड्रॅगन नाचत पडद्यावर येतो आणि खाली लग्नाचं भविष्य बघण्यासाठी पैसे भरा म्हणतो. माझं लग्न होऊन पस्तीस वर्षं झालीत.

गंमत म्हणजे ॲप सर्वस्वी चूक म्हणता येत नाही. चिनी वर्ष दोन ठिकाणी सुरू होतं. लोकांचं वर्ष चांद्र नववर्षाला लागतं, ते २१ जानेवारीपासून २० फेब्रुवारीच्या आसपास कधीही येतं. १९६४ मध्ये ते १३ फेब्रुवारीला होतं. कुंडली मांडणाऱ्यांचं वर्ष मात्र ली-छुनला बदलतं, म्हणजे सूर्याच्या चालीवर ठरणाऱ्या वसंतारंभाला, दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आगेमागे. मी दोन्हींच्या मधोमध पडलो. लोकांच्या लेखी ससा, ज्योतिषाच्या लेखी ड्रॅगन. आणि पाडवा यायचा होता म्हणून आपल्या पंचांगात शोभन संवत्सर. आणखी दोन महिने थांबलो असतो तर क्रोधी संवत्सरात जन्मलो असतो. सौ.चं म्हणणं, कागदावर काहीही असो.

ॲप कोणता नियम वापरतं हे तपासायला मी २१ जानेवारी १९६४ घालून पाहिलं. या तारखेला दोन्ही हिशेबांनी ससाच यायला हवा. ॲप म्हणालं, ड्रॅगन. १ जानेवारीलाही ड्रॅगन. म्हणजे नियम वगैरे काही नव्हताच. त्याने इंग्रजी सालातून ४ वजा केले होते, ६० ने भागलं होतं आणि बाकी बघितली होती. ॲप तारीख विचारून घेतं, पण वापरत नाही. काउंटरवर चेकची तारीख न बघता पैसे देणारा कारकून असतो ना, तसं. मला हे कळायला महिना लागला आणि तोवर वर्षाचे ४९९ रुपये गेले होते.

पुस्तकात ही चूक करताच येत नाही आणि तोच त्याचा मोठा गुण. प्रत्येक वर्षाला समोरासमोरची दोन पानं आहेत, पण ती जानेवारीला नाही, चांद्र नववर्षाला उघडतात. पहिलं पान १९०० चं, ते ३१ जानेवारीपासून सुरू. मधे रकाने, प्रत्येक महिन्याला एक. प्रत्येक दिवसासमोर इंग्रजी तारीख आणि त्या दिवसाची स्वतःची दोन अक्षरं. तळाशी सूर्याच्या चोवीस टप्प्यांच्या वेळा, मिनिटापर्यंत. त्यामुळे १९६४ चा फेब्रुवारी शोधायला गेलात की पहिले बारा दिवस त्या पानावर सापडतच नाहीत, मागे जावं लागतं. सीमा ओलांडल्याचं बोटांना कळतं. आणि ज्योतिषाचा नियम हवा असेल तर १९६३ च्याच पानाच्या तळाशी ली-छुन ५ फेब्रुवारीला लिहिलेलं आहे, त्यावरून स्वतः ठरवा. पुस्तक तुमच्या वतीने निकाल देत नाही. कागदपत्रं समोर ठेवतं.

मी त्याची एक परीक्षा घेतली. चीनचं प्रजासत्ताक १ जानेवारी १९१२ रोजी जाहीर झालं. त्याला कारणीभूत झालेली क्रांती शिन-हाय क्रांती म्हणून ओळखली जाते, आणि शिन-हाय म्हणजे १९११. मग प्रजासत्ताक शिन-हायमध्ये की पुढच्या रन-त्झमध्ये? पुस्तक उघडलं. १९१२ चं पान १८ फेब्रुवारीला सुरू होतं. १ जानेवारी मागच्या पानावर, अकराव्या महिन्याचा तेरावा दिवस, शिन-हाय. पुढे जिथे ‘मिंग्वो १’ लिहिलंय ते पान दीड महिन्याने येतं. मिंग्वो हा प्रजासत्ताकाचा शक, तैवानमध्ये आजही चालतो. मुलीच्या कागदपत्रांवर २०२५ म्हणजे ११४. १९११ वजा करायचे की झालं. आपल्या शकाला ७८ वजा करतो तसंच.

हे परीक्षण वाचणाऱ्या बऱ्याच जणांना पुस्तक घेण्याची गरज पडणार नाही, म्हणून हाताने करायची रीत सांगून ठेवतो. मला ती मालकीणबाईंनी बिलाच्या पाठीमागे लिहून दिली.

पहिल्या अक्षरांची संख्या दहा : ज्या, यी, बिंग, दिंग, वू, जी, गंग, शिन, रन, ग्वेइ. दुसरी बारा, तीच ती उंदरापासून डुकरापर्यंतची जनावरं : त्झ, छोउ, यिन, माओ, छन, स, वू, वेइ, शन, योउ, श्यू, हाय. दोन्ही माळा एकदम ओढायच्या, दर वर्षी दोन्हींचा एकेक मणी पुढे. दहाची माळ सहा वेळा फिरते, बाराची पाच वेळा, तेव्हा कुठे दोघींचे पहिले मणी परत समोरासमोर येतात. दहा गुणिले बारा एकशेवीस व्हायला हवेत असं मलाही आधी वाटलं. पण दोन्ही माळा एकेक मण्यानेच सरकतात, त्यामुळे विषमाची गाठ विषमाशी आणि समाची समाशीच पडते. निम्म्या जोड्या कधी जुळतच नाहीत.

आणि आता सोपी युक्ती. इंग्रजी सालाचा शेवटचा अंक पाहा. ४ असेल तर ज्या, ५ यी, ६ बिंग, असं करत ३ ला ग्वेइ. चीनच्या इतिहासातली नावं यावरून धडाधड सुटतात. जपानशी झालेलं १८९४ चं युद्ध ज्या-वू. १८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणा वू-श्यू. १९०० च्या बॉक्सर बंडानंतर लादलेली ४५ कोटी ताएल चांदीची भरपाई गंग-त्झ भरपाई. जनावरासाठी सालाला १२ ने भागा. बाकी ४ उरली तर उंदीर, ५ बैल, ६ वाघ. १८९९ भागिले १२, बाकी ३. उंदराच्या एक घर मागे, डुक्कर, हाय. नाणं सुटलं. कॅशियरला एवढं तोंडी जमायला हवं होतं.

ही सगळी युक्ती वर्षाच्या मधल्या दिवसांसाठी. जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख असेल तर पुस्तक उघडाच.

अक्षरं ओळखणं हे मात्र वेगळंच दुखणं. जुन्या, झिजलेल्या नाण्यावर जी आणि स ही अक्षरं इतकी सारखी दिसतात की आपला घ-ध परवडला. वू आणि श्यू यांच्यात एका छोट्या रेघेचा फरक. पण इथे पद्धतच मदतीला येते. जी फक्त पहिल्या जागी येऊ शकतं आणि स फक्त दुसऱ्या. जागा पाहिली की अक्षर ठरलं. नाण्यावर उजवीकडून डावीकडे वाचायचं एवढं मात्र लक्षात ठेवायचं, नाहीतर माझ्यासारखे तासभर भिंग घेऊन बसाल.

ॲप इथेही नापास. त्यात इंग्रजी लिपीत नावं आहेत, स्वरांच्या खुणा नाहीत. पहिल्या माळेतला पाचवा वू आणि दुसऱ्या माळेतला सातवा वू ही चिनीत वेगळी अक्षरं, वेगळे उच्चार. ॲपला दोन्ही सारखेच. माझी मेहुणी १९७८ ची. तिचं वर्ष ॲपने सांगितलं, ‘वू वू’. तिने फोन ठेवला.

आणखी एक चाचणी केली, थोडी खोडसाळपणेच. ॲपच्या जाहिरातीत पाच हजार वर्षं चालतं असं लिहिलंय. छिन राजवटीने चीन एक केला तो इसवी सन पूर्व २२१ मध्ये, वर्ष गंग-छन. ॲपने सांगितलं जी-माओ. बरोब्बर एक वर्षाने चुकलं, कारण इसवी सन पूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येतं, मधे शून्य वर्ष नाही, हे लिहिणाऱ्याच्या गावी नव्हतं. पुस्तकाचं काय? पुस्तक १९०० च्या मागे जातच नाही. यात त्याचा प्रामाणिकपणा की आळस, तुम्ही ठरवा.

हो, लक्षात आलं असेल, माझं नाणं १८९९ चं. ज्या नाण्यासाठी पुस्तक घेतलं ते साल पुस्तकात नाही! दुकानात हे लक्षात आल्यावर मी पुस्तक परत ठेवायला निघालो. मालकीणबाई हसल्या, १९५९ चं पान उघडलं आणि तेच दोन अक्षरी शीर्षक दाखवलं : जी-हाय. साठ वजा करा. वर्षाचं नाव तेच. महिन्यांच्या तारखा अर्थातच वेगळ्या, पण नाण्यावर तारीख कुठे असते.

फेरी कोणती हे मात्र जगातलं कुठलंही पुस्तक किंवा ॲप सांगू शकत नाही. ते वस्तूवरून ठरवायचं. राजवटीचं नाव सोबत असेल तर सहसा प्रश्न मिटतो, कारण साठ वर्षं राज्य करणारे राजे किती असतात? चीनचा कांगशी त्यातलाच एक. १६६१ च्या सुरुवातीला शिन-छोउ वर्षात गादीवर आला आणि १७२२ मध्ये वारला. त्याच्या काळात शिन-छोउ दोनदा आलं. म्हणून १७२१ मधल्या काही चिनी मातीच्या भांड्यांच्या बुडाशी लिहिलेलं सापडतं, ‘पुन्हा शिन-छोउ वर्षी बनवलं’. त्या ‘पुन्हा’साठी मी त्या कुंभाराला सलाम करतो. माझ्या पाकिटावर असा एक शब्द असता तर!

आता ज्या शोधासाठी मी पुस्तकाला अर्धा तारा जास्त देतो, तो सांगतो. परत आल्यावर एका दुपारी सोलापूरचं दाते पंचांग आणि हे लाल पुस्तक शेजारी ठेवून बसलो. आपलीही संवत्सरं साठ, प्रभव ते क्षय. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी म्हणजे क्रमांक. शके १९४७, बाकी ३९, विश्वावसू. तेच चिनी वर्ष यी-स, बेचाळिसावं. मागे गेलो. २०२४ मध्ये चिनी ४१, आपला क्रोधी ३८. १९८७ मध्ये चिनी ४, आपला प्रभव १. कायम तीनचा फरक. चिनी क्रमांकातून तीन वजा केले की आपलं संवत्सर. (नर्मदेच्या उत्तरेला संवत्सराचं गणित वेगळं आहे, तिकडे हे चालणार नाही. आणि चिनी नववर्ष ते पाडवा या दिवसांतही नाही.)

मग आठवलं की तिबेटी लोकही साठ वर्षं मोजतात. त्यांचं चक्र चिनी ज्या-त्झपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं दिंग-माओपासून, अग्नीच्या सशापासून, पहिलं १०२७ साली, बौद्धांच्या कालचक्र परंपरेबरोबर. त्या चक्राला ते रब्जुंग म्हणतात, आणि रब्जुंग म्हणजे संस्कृत ‘प्रभव’ याचंच तिबेटी भाषांतर. १०२७ मध्ये सोळा वेळा साठ मिळवा. १९८७. आपला प्रभव, चीनचा दिंग-माओ, तिबेटच्या सतराव्या रब्जुंगचं पहिलं वर्ष, तिन्ही एकाच साली. जनावरं चीनची ठेवली, आरंभ भारताचा घेतला. मी चहा गार करून घेतला त्या दुपारी.

महिन्यांच्या बाबतीतही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवण्यासारखी आहेत. चिनी महिना आपल्यासारखाच अमावास्येशी बांधलेला. फक्त अमावास्या ज्या दिवशी घडते तोच त्यांचा पहिला दिवस, म्हणून त्यांचा आकडा बहुधा एकने पुढे. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, लाल पुस्तकात सातव्या महिन्याचा पाचवा. अधिक महिना त्यांच्यातही असतो, पण जुळत नाही. त्यांनी २०२५ मध्ये सहावा महिना दोनदा घेतला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये.

या जादा महिन्याचा एक परिणाम मुलीच्या कचेरीत दिसला. २०२४ चं चांद्र वर्ष १० फेब्रुवारीला सुरू झालं आणि २८ जानेवारी २०२५ ला संपलं, त्यात ली-छुन एकदाही आलं नाही. अशा वर्षाला विधवा वर्ष म्हणतात. लग्नं टाळतात. पुढच्या वर्षात मात्र ली-छुन दोनदा, आधी ३ फेब्रुवारी २०२५, मग ४ फेब्रुवारी २०२६, त्यामुळे मंगल कार्यालयांची चंगळ. मुलीच्या एका सहकारी मुलीने साखरपुडा करून वर्षभर वाट पाहिली. सौ.ला हे अजिबात नवल वाटलं नाही. ‘आपल्याकडे सिंहस्थात नाही का थांबत?’

सौ.चा जन्म ऑगस्ट १९६६ चा. पुस्तकात ते साल बिंग-वू, अग्नीचा घोडा. जपानात समजूत अशी की या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते. १९६५ मध्ये तिथे १८ लाखांवर मुलं जन्मली होती, १९६६ मध्ये साडेतेरा लाखांच्या जेमतेम वर. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा पहिल्यासारखा. शिवाय आपल्या पंचांगाप्रमाणे तिचं संवत्सर पराभव. पराभव कोणाचा ते घरात सगळ्यांना माहीत आहे. १७ फेब्रुवारी २०२६ ला पुन्हा बिंग-वू लागतं आणि त्या वर्षीच्या पाडव्याला पराभव, दोन्ही पंचांगांनी तिची साठी एकाच वर्षी भरते. जपानची हकीकत मी तिला अजून सांगितलेली नाही.

तक्रारी आहेतच. टाइप भयंकर बारीक, दिवसांचे रकाने भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. कागद इतका पातळ की पलीकडच्या पानाची शाई दिसते, आणि लाल शाईने छापलेले अधिक महिने ट्यूबलाइटखाली फिकट दिसतात. पाठीमागची तीस पानं हस्तरेषा, चेहऱ्यावरचे तीळ आणि घराच्या दारांची दिशा यांनी भरली आहेत, त्याऐवजी मागची पंधरा वर्षं छापली असती तर माझं नाणं आत आलं असतं. चिनी अंक यायला हवेत, पण ते एका संध्याकाळी शिकता येतात. भाषा यायची गरज पडत नाही. आणि बांधणी! चिकटवलेली. पुण्याच्या पहिल्या पावसाळ्यातच १९३० ते १९५० सुटी झाली. पुस्तकाला पाचपैकी चार तारे, त्यातला अर्धा प्रभवाचा. ॲपला एक, तोही हिरवा ड्रॅगन नातवाला आवडतो म्हणून. नाणी, जुनी चित्रं, चिनी भांडी गोळा करणाऱ्याने पुस्तक घ्यावं. नुसतं आपलं जनावर कोणतं एवढंच बघायचं असेल तर वरची बारा ने भागायची रीत पुरे, फुकट आहे.

सुटलेली पानं घेऊन मी आमच्या नेहमीच्या बाइंडरकडे गेलो. त्याने पुस्तक उलटसुलट केलं, दोन्ही बाजूंनी उघडून पाहिलं. ‘काका, पंचांग आहे होय? मग संकष्टी कुठाय यात?’ मी त्याला विसाव्या दिवसाच्या आसपास बोट ठेवून दाखवलं. त्याने मान डोलावली, ऐंशी रुपये सांगितले, दोऱ्याची शिलाई घातली. काम पक्कं केलं. फक्त कडा सरळ करताना मशीनवर वरून दोन सूत जास्त कापलं, आणि आता प्रत्येक पानावरचा मिंग्वोचा आकडा कमरेतून तुटलाय. जी-हाय आणि त्याच्या खालचं सगळं शाबूत आहे. १९११ वजा करायला मला येतंच.